पंडिता रमाबाईंचें शिष्यपण

पंडिता रमाबाईंचें नांव ऐकलें नाहीं असा विद्यार्थी आपल्या शाळेंत क्वचितच सांपडेल. त्या मोठ्या विदुषी होत्या, विधवांच्या कैवारी होत्या, त्यांनीं शारदा सदन व मुक्तिसदन काढलें, एवढ्या चार गोष्टी बहुतेकांस ठाऊक असतात. त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला हेंही सर्वांस माहीत असतें. पण तो एका दिवसाचा मामला होता, अशीच सर्वसाधारण समजूत दिसते. एके दिवशीं बाप्तिस्मा झाला आणि प्रकरण मिटलें! ज्यांस ती गोष्ट रुचली नाहीं ते याच घाईनें ती सांगतात, आणि खेदाची गोष्ट ही कीं, ज्यांस ती रुचली ते आमचे ख्रिस्ती बंधूही तशीच सांगतात. वास्तविक १८८३ सालीं बाईंचा बाप्तिस्मा झाला तेव्हां त्यांच्या शिक्षणाला कोठें आरंभ झाला होता. त्यापुढें अडतीस वर्षांहून अधिक काळ त्या शिकत होत्या, शिकविणारांशीं वाद घालीत होत्या, शिकलेलें आचरणांत उतरवीत होत्या. आणि हा अभ्यास चालू असतांच त्यांचा देह पडला. या दीर्घ अभ्यासाची हकीकत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूर प्रांतांतील चित्पावन ब्राह्मण. स्त्रियांसही संस्कृत विद्या शिकवावी असें त्यांच्या मनानें घेतलें, आणि लोकापवादास न भितां त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविण्यास आरंभ केला. गांवांत हें चालेना, तेव्हां सह्याद्रीच्या रानांत, जेथें तुंगा नदी उगम पावते त्या गंगामूळ नांवाच्या ठिकाणीं त्यांनीं आश्रम केला. तेथें २३ एप्रिल १८५८ रोजीं रमा जन्मली. अतिथि व विद्यार्थी यांच्या पोषणांत शास्त्रीबोवांचें होतें नव्हतें तें द्रव्य संपलें, आणि मूल सहा महिन्यांचें होतें न होतें तोंच सर्व कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यांत घालून तो पेटारा एका मनुष्याच्या डोक्यावर दिला होता. रमाबाईंच्या आयुष्याची यात्रा अशी पेटाऱ्यांतून सुरू झाली.

देवळांत, नदीच्या घाटावर किंवा एखाद्या झाडाखालीं बसून शास्त्रीबोवांनीं पुराण सांगावें, लोकांनीं दक्षिणा ठेवावी, आणि तिच्यावर पांच माणसांनीं निर्वाह करावा, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. वडील आतां वृद्ध झाले होते, म्हणून रमेचा अभ्यास आईनें घेतला. भागवताचे अठरा हजार श्लोक या मुलीनें मुखोद्गत केले. शब्दरूपावलीचें एक पान पाठ करतांना ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनीं या आकड्याकडे एकवार पाहावें.

पुढें मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. भिक्षा मागण्याची या कुटुंबाला संवय नव्हती, आणि मजुरी करण्याचें शिक्षण नव्हतें. जवळचें किडूकमिडूक विकून झालें. उरलेलें दानधर्मांत व देवकार्यांत गेलें. उपोषणें झालीं, तीर्थस्नानें झालीं. पण कोणताही देव प्रसन्न झाला नाहीं. १८७४ सालीं प्रथम वडील गेले, थोड्याच आठवड्यांनीं आई गेली, आणि मागाहून थोरली बहीण कृष्णाबाई गेली. आईला स्मशानांत नेण्यास माणसें मिळेनात. दोन ब्राह्मणांनीं दया केली, तिसरा खांदा भाऊ श्रीनिवासाचा झाला, आणि चवथी रमा. ती उंचीनें ठेंगणी, तेव्हां खांद्याला खांदा जुळेना. म्हणून तिनें तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली. सोळा वर्षांच्या मुलीनें डोक्यावर वाहिलेलें तें ओझें पुढें बावीस वर्षांनीं मध्यप्रांताच्या दुष्काळांत तिला पुनः आठवणार होतें.

बहीणभाऊ पायीं निघाले. उत्तरेस काश्मीरपर्यंत व पूर्वेस बंगालपर्यंत, ऊन, थंडी व उपास सोशीत त्यांनीं हजारों मैलांची वाट तुडविली, आणि १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं रमेची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या मुलीचा तो सन्मान सर्व हिंदुस्थानांत गाजला. तो प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून त्याचें वर्णन करीत नाहीं. त्याच शहरांत घडलेला दुसरा एक लहानसा प्रसंग मात्र सांगण्याजोगा आहे. काहीं ख्रिस्ती लोकांनीं या भावंडांस एका मेळाव्यास बोलाविलें. फराळपाणी झालें, गायन झालें, आणि मग मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसली. डोळे मिटलेल्या त्या लोकांकडे पाहून या दोघांस वाटलें कीं, हे खुर्च्यांचीच पूजा करीत आहेत! निघतांना त्यांस संस्कृतांत छापलेलें पवित्र शास्त्र भेट मिळालें. भागवत ज्यांच्या जिव्हाग्रीं नाचत होतें त्या दोघांनीं तें उघडून वाचून पाहिलें; पण त्यांतील भाषेची धाटणी व विषयाची मांडणी इतकी परकी वाटली कीं, कांहींच बोध होईना. पुस्तक तसेंच बाजूस राहिलें. हें पुस्तक वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

१८८० सालीं डाक्क्यास श्रीनिवास वारला. त्याच सालीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं, जातिबंधन झुगारून, नोंदणी पद्धतीनें विवाह केला. आसामांतील सिल्चर येथें त्यांचा संसार झाला. घरांतील पुस्तकांत बाईंस बंगालीतील लूककृत शुभवर्तमानाची एक प्रत सांपडली व ती त्यांनीं आवडीनें वाचली. एक बाप्तिस्त मिशनरी घरीं येऊन उत्पत्तीच्या पुस्तकांतील गोष्टी समजावून सांगूं लागले. ख्रिस्ती व्हावें असें बाईंच्या मनांत प्रथम तेथें डोकावलें. पण तो विचार पतीस मानवला नाहीं, आणि गोष्ट तेथेंच थांबली. १८८१ च्या एप्रिलांत कन्या मनोरमा झाली. पुढच्या फेब्रुवारींत पटकीनें बिपिनबाबू वारले. विवाहास दोन वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

तेवीस वर्षांच्या या विधवेनें तान्हें मूल कडेवर घेऊन पुण्याची वाट धरली. न्यायमूर्ति रानडे प्रभृति सुधारकांनीं त्यांचें स्वागत केलें. १८८२ सालीं आर्य महिला समाज निघाला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक झालें, आणि हंटर कमिशनापुढें स्त्रीशिक्षक व स्त्रीडॉक्टर यांची निकड बाईंनीं निर्भयपणें मांडली. स्वतः वैद्यक शिकावें हा हेतु धरून, पुस्तकाच्या विक्रींतून प्रवासाची सोय करून, १८८३ सालीं मनोरमा व मैत्रीण आनंदीबाई भगत यांसह त्या इंग्लंडास गेल्या. आपण धर्मांतर करणार नाहीं असें त्या निघतांना मित्रमंडळीस सांगून गेल्या होत्या, आणि त्या बोलण्यांत कपट नव्हतें.

इंग्लंडांत वाँटेज या गांवीं सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे त्या उतरल्या. या संघाच्या कांहीं भगिनी पुण्यांत काम करीत असत, म्हणून ओळख होती. त्या काळांत बाईंच्या मनावर कशाचा परिणाम झाला हें नीट पाहिलें पाहिजे. नेहम्या गोरे हे काशीचे मोठे शास्त्री. ख्रिस्ती झाल्यावर त्यांचें वास्तव्य कांहीं काळ पुण्यासही होतें. त्यांच्या पत्रांनीं बाईंच्या बुद्धीचें बरेंच समाधान केलें, हें खरें. परंतु अंतःकरण हललें तें निराळ्या ठिकाणीं. लंडनच्या फुलम भागांत याच भगिनींचें एक आश्रयस्थान होतें. समाजानें वाळींत टाकलेल्या, वांकड्या मार्गास लागलेल्या स्त्रियांस तेथें प्रेमानें ठेवून घेत, त्यांची शुश्रूषा करीत, आणि त्यांस पुनः माणसांत आणीत. अशा स्त्रियांस हाकलून लावावें एवढेंच बाईंनीं आजवर ऐकलें व पाहिलें होतें. असें कां करतां, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां एका भगिनीनें योहानाच्या शुभवर्तमानाचा चवथा अध्याय काढून विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. पंडितांच्या सभेंत कधीं न हरलेली ही विदुषी त्या साध्या गोष्टीपुढें नमली. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्यापूर्वींच आनंदीबाई भगत यांचा परमुलखांत शोचनीय अंत झाला होता, आणि तें दुःखही बाईंच्या पाठीशीं होतें.

महाराष्ट्रांत या वार्तेनें केवढें वादळ उठलें याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. इंग्लंडांत काय चाललें होतें तें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. बाप्तिस्मा देणारांस वाटलें असावें कीं, आतां ही हिंदी भगिनी आपण सांगूं तें मुकाट्यानें ऐकेल. तसें झालें नाहीं. त्रैक्याचा सिद्धांत, प्रभूचें कुमारीपोटीं जन्मणें, मंडळीच्या अधिकाराची मर्यादा, या सर्वांविषयीं रमाबाईंनीं प्रश्नांमागून प्रश्न केले. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन आणि चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजाच्या प्रमुख डोरोथिया बील यांस त्यांनीं लिहिलेलीं पत्रें वाचलीं म्हणजे नव्या शिष्येचा हा बाणेदारपणा पाहून कौतुक वाटतें. पवित्र शास्त्रांत जें मला आढळत नाहीं तें केवळ कोणा धर्माधिकाऱ्यानें सांगितलें म्हणून मी मान्य करणार नाहीं, असा त्यांचा एकंदर रोख होता. पुरुष विद्यार्थ्यांस त्यांनीं शिकवूं नये असें हिंदुस्थानांतील बिशपांचें मत पडलें, तें बाईंस मुळींच रुचलें नाहीं. गळ्यांतील क्रुसावर लॅटिन अक्षरें असावींत हें ऐकून, आमच्या संस्कृतानें काय पाप केलें आहे, असा त्यांचा आक्षेप होता. आहारांत व पोषाखांत त्या हिंदीच राहिल्या. भगिनी जेराल्डीन यांस हा गर्व वाटला. आम्हांस तसें वाटत नाहीं. जो विद्यार्थी वर्गांत एकही शंका विचारीत नाहीं, त्याला धडा समजलाच आहे असें कोणता शिक्षक छातीवर हात ठेवून सांगेल?

याच सुमारास त्यांच्या कानांचा विकार वाढला, आणि बहिरेपणामुळें वैद्यक शिकण्याची आशा सोडावी लागली. चेल्टनहॅम येथें त्या संस्कृत शिकवीत व इतर विषय शिकत राहिल्या. १८८६ च्या आरंभीं त्या अमेरिकेस गेल्या व फिलाडेल्फिया येथें आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभास हजर राहिल्या. तेथें त्यांनीं बालोद्यान पद्धतीचें शिक्षण घेतलें, उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलें, गांवोगांव व्याख्यानें दिलीं. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षें मदत देण्याचें ठरलें.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालें. पुढील वर्षाच्या अखेरीस तें पुण्यास आलें. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नांवाची एक बालविधवा होती. १८९३ सालीं तिचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला, आणि आनंदीबाई कर्वे या नांवानें त्या पुढें महाराष्ट्रास परिचित झाल्या. त्या शारदा सदनांत शिकल्या आणि हिंदूच राहिल्या. या गोष्टीचा उल्लेख मी मुद्दाम करतों. कारण पुढें जो वाद माजला त्यांत ती विसरली जाते.

वाद असा. सदनांत धर्मशिक्षण द्यावयाचें नाहीं, कोणाच्याही आचारांत ढवळाढवळ करावयाची नाहीं, असा नियम होता. आणि रानडे, भांडारकर यांसारखे थोर पुरुष सल्लागार मंडळांत होते. रमाबाई आपल्या खोलींत मनोरमेस घेऊन प्रार्थना करीत. त्या वेळीं दार लावून घेण्याचें त्यांनीं नाकारलें. कांहीं मुली आपण होऊन आंत येऊन बसूं लागल्या. केसरीनें टीकेचा भडिमार केला; सल्लागार मंडळानें १८९३ सालीं राजीनामा दिला; आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. या वादांत दोन्ही बाजूंस बोलण्यास जागा आहे. ज्या आईबापांनीं मुलगी विश्वासानें पाठविली त्यांस धास्ती वाटणें अगदीं स्वाभाविक होतें, आणि हें मिशन शाळेंतील शिक्षकानें तरी मान्य केलेंच पाहिजे. उलट, दुसऱ्याच्या देवपूजेस आडकाठी न करणाऱ्या बाईनें स्वतःच्या प्रार्थनेची मात्र लाज बाळगून कडी लावून घ्यावी, हेंही न्यायाचें नव्हतें. दार उघडें ठेवण्याची किंमत काय पडेल तें बाईंस दिसत होतें. तरी त्यांनीं तें उघडें ठेविलें.

या धडाडीमागें एक आंतली हकीकत होती, आणि माझ्या मतें रमाबाईंच्या चरित्राचा गाभा तोच आहे. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षें लोटल्यावर, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या ध्यानांत एक विलक्षण गोष्ट आली. हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज पाळकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचनांत आलें होतें. हे गृहस्थ कित्येक वर्षें उपदेशक म्हणून काम करीत होते, आणि मग एके दिवशीं स्वतःच्याच उपदेशाच्या वेळीं त्यांस कळून चुकलें कीं, आपला स्वतःचा पालट अद्याप व्हावयाचा आहे. बाईंनीं हें वाचून स्वतःकडे पाहिलें. ख्रिस्ती धर्मांतील उदात्त विचार आपणांस पटले, त्याचे आचार आपण पाळले, त्यासाठीं शिव्याशाप सोसले. परंतु ज्याच्या नांवानें हा धर्म चालतो त्याच्या स्वाधीन आपण स्वतःस केलें आहे काय? पुढें आपल्या साक्षींत बाईंनीं मोकळ्या मनानें लिहून ठेविलें कीं, धर्म हातीं आला होता, पण धर्माचा स्वामी भेटला नव्हता. जिच्या धर्मांतरावरून सबंध महाराष्ट्र आठ वर्षें भांडत होता, तीच बाई आठ वर्षांनीं म्हणते कीं, मी आतां कोठें उंबरठ्याच्या आंत आलें! ही कबुली देण्यास पांडित्यापेक्षां अधिक कांहीं लागतें. निंदकांस तिच्यांत टीकेस साधन मिळालें असतें आणि चाहत्यांस ती अडचणीची वाटली असती. तरी बाईंनीं ती छापून प्रसिद्ध केली.

यानंतरच्या त्यांच्या कामाचें स्वरूप पालटलें. पूर्वीं त्या समाजसुधारणेच्या पुढारी होत्या. १८८९ सालीं राष्ट्रीय सभेच्या मुंबईच्या अधिवेशनास ज्या थोड्या स्त्रिया प्रतिनिधि म्हणून आल्या त्यांत त्या होत्या. आतां सभा व व्याख्यानें मागें पडत चाललीं. अमेरिकेची दहा वर्षांची हमी सरत आली होती. पुढील निर्वाहासाठीं पुणें-दौंड लोहमार्गावर केडगांव येथें त्यांनीं माळजमीन घेऊन फळझाडें लावलीं. झाडें वाढून उत्पन्न येईल आणि सदनाचा खर्च चालेल, असा हिशेब होता. तो हिशेब बाजूस राहिला. १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला.

वर्तमानपत्रांतील बातम्या वाचून रमाबाईंस मद्रास इलाखा आठवला. मदतीची कसलीही शाश्वती हाताशीं नसतां त्या तिकडे गेल्या. निराधार मुलींस फसवून नेणारे लोक दुष्काळी मुलुखांत हिंडत होते. त्यांच्या तावडीतून सोडवून हाडांचे सांपळे झालेल्या मुली त्यांनीं शेंकडोंनीं आणल्या. इकडे १८९७ सालीं पुण्यांत प्लेग, आणि नव्या मुली शहरांत आणण्यास सरकारी मनाई. तेव्हां केडगांवच्या उघड्या माळावर तात्पुरता निवारा करून त्यांस ठेविलें. याच प्लेगच्या काळांत इस्पितळांत व तपासणींत स्त्रियांची होणारी विटंबना बाईंनीं वृत्तपत्रांत पत्र लिहून चव्हाट्यावर मांडली, आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. ख्रिस्ती झालेली बाई इंग्रज सरकारची मिंधी झाली असा ज्यांचा ग्रह असेल त्यांनीं हें प्रकरण अवश्य पाहावें.

केडगांवच्या संस्थेस मुक्ति हें नांव मिळालें. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां तेथूनही मुली आल्या, आणि एकंदर संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. दोन हजार माणसें म्हणजे एक लहानसें गांवच. विद्यार्थ्यांनो, एका वेळच्या भाकरींचा हिशेब तुम्ही करून पाहा! त्यांतून या मुली धड अंगाच्या नव्हत्या. कोणाला खरूज, कोणाला ताप, कोणाचे डोळे गेलेले. उपासानें स्वभाव रानटी झालेले. त्यांस धुवून, औषध लावून, जेवूं घालून, एकमेकींचें अन्न ओरबाडूं नये एवढें शिकविण्यांतच कित्येक महिने जात. पतित स्त्रियांसाठीं कृपासदन निघालें, आणि फुलम येथें पाहिलेलें काम बाईंनीं आपल्या भूमींत करून दाखविलें. वृद्ध व दुबळ्या स्त्रियांसाठीं प्रीतिसदन निघालें. आंधळ्या मुलींस मनोरमाबाई ब्रेल लिपि शिकवूं लागल्या. विहिरी खोदल्या, शेती केली, माग लावले, तेलाचा घाणा घातला, छापखाना उभारला. सर्वांसाठीं एक विस्तीर्ण उपासनामंदिर बांधिलें. १९०५ सालीं मुक्तींत मोठी आत्मिक जागृति झाली, आणि तिची वार्ता परदेशांतही गेली. तिच्यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मला विचाराल तर त्या उत्साहाच्या दिवसांपेक्षां त्याच्या मागचीं व पुढचीं साधीं वर्षें अधिक बोलकीं वाटतात: रोज पहांटे प्रार्थना, मग पिठाचा, जळणाचा, कापडाचा हिशेब, आणि नव्यानें आलेल्या मुलीच्या डोक्यांतील उवा. मिशनरी काम म्हणून जें म्हणतात त्याचा बराच मोठा भाग असा असतो.

आतां त्या संस्कृत पुस्तकाकडे वळूं. मुक्तींतील बायका संध्याकाळीं पवित्र शास्त्र घेऊन बसत, पण प्रचलित मराठी भाषांतरांतील पुष्कळ शब्द त्यांच्या डोक्यावरून जात. कांहीं शब्द संस्कृत व अवघड. कांहींस जुन्या तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले, त्यामुळें वाचणारीच्या मनांत भलताच बोध व्हावा. कलकत्त्यास जो अनुभव स्वतःला आला तोच आपल्या मुलींस येत आहे, हें पंडिताबाईंनीं ओळखलें. मग वयाच्या पंचेचाळीशींनंतर, दोन हजार जिवांचा प्रपंच अंगावर असतां, कानांनीं नीट ऐकूं येत नसतां, त्यांनीं हिब्रू व ग्रीक या भाषा हातीं घेतल्या, आणि मूळावरून सबंध पवित्र शास्त्र साध्या मराठींत उतरविण्याचें काम आरंभिलें. अठरा हजार श्लोक ज्या मुखांत होते तें मूख पुनः धातु व प्रत्यय घोकूं लागलें.

हें काम सुमारें अठरा वर्षें चाललें. ज्या संस्कृत भाषेच्या बळावर पदव्या मिळाल्या, त्याच भाषेचे डौलदार शब्द पंडिताबाई एकेक वेंचून बाहेर काढीत होत्या. कुणब्याच्या घरच्या बाईस, पाटी घेऊन नुकतीच अक्षरें गिरवूं लागलेल्या मुलीस कळेल असाच शब्द पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पानें तयार झालीं म्हणजे मुक्तींतच खिळे जुळत, मुक्तींतच छपाई होई, आणि हीं कामें तेथील मुली व स्त्रियाच करीत. हें भाषांतर वाङ्मय या दृष्टीनें सर्वत्र सरस उतरलें आहे असें म्हणवत नाहीं. मूळाशीं शब्दशः इमान राखण्याच्या भरांत वाक्यें कोठें कोठें ताठर झालीं आहेत, आणि मंडळ्यांतून बायबल सोसायटीचेंच भाषांतर वाचण्याचा प्रघात कायम राहिला. तथापि एका व्यक्तीनें, आणि तीही इतर कामांनीं वेढलेल्या व्यक्तीनें, एवढा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नेला, याला आमच्या भाषेंत तोड सांपडणें कठीण.

अखेरचीं वर्षें कष्टाचीं गेलीं. १९१९ सालीं सरकारनें कैसर-इ-हिंद पदक दिलें, पण मुक्तीच्या दिनक्रमांत त्यानें फरक पडला नाहीं. मनोरमाबाई आईचा उजवा हात झाल्या होत्या. शारदा सदनाची शाळा त्या चालवीत, आणि निजामाच्या राज्यांत गुलबर्गा येथेंही त्यांनीं काम सुरू केलें होतें. आपल्या मागें संस्थेचा भार हीच उचलील, अशी आईची खात्री होती. जुलै १९२१ मध्यें मनोरमाबाई वारल्या. पेटाऱ्यांतून निघालेल्या त्या यात्रेंत आई, बाप, बहीण, भाऊ, पति असें एकेक माणूस वाटेवर राहिलें होतें. आतां लेकही राहिली. भाषांतराचें काम थोडें शिल्लक होतें. तें करण्यास बाई पुनः टेबलाशीं बसल्या.

वर्ष पुरें होण्यापूर्वीं, ५ एप्रिल १९२२ रोजीं, केडगांवींच त्यांनीं देह ठेविला. भाषांतर हातावेगळें झालें होतें. छापण्याचें काम मागें राहिलेल्या मुलींनीं पुढें चालविलें, आणि १९२४ सालीं सबंध पवित्र शास्त्र मुक्तीच्या छापखान्यांतून बाहेर पडलें.